रुपयातले सहा आणे कुणाला?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा एक चिठ्ठी घेऊन आला. दुकानदाराने लेटरपॅडच्या कागदावर बॉलपेनने लिहून दिलेले कोटेशन होते: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, लाइटवाला गेमिंग कॅबिनेट, ४५० वॅट, एकूण ५२,०००. खाली तिरक्या अक्षरात ‘कमी-जास्त करून देऊ’.

“मामा, यावर सायबरपंक चालेल ना?”

नवा कॉम्प्युटर जुळवू पाहणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. फक्त गेमचे नाव बदलते. त्यामागे दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: पन्नास-साठ हजारांत गेमिंगचा कॉम्प्युटर होतो का? होतो, आणि चांगला होतो. मात्र त्या चिठ्ठीतला नव्हे.

१. चिठ्ठीत काय लिहिलेले नाही

मी त्याच्यासमोरच दुकानात फोन लावला आणि दोनच गोष्टी विचारल्या. आय सेव्हन कुठला? आणि कार्डाचे पूर्ण नाव काय? जरा चाचपडून उत्तर आले की प्रोसेसर आय सेव्हन ४७७० आहे आणि कार्ड जीटी ७३०.

आय सेव्हन ४७७० हा २०१३ सालचा. त्या काळी तो मोठ्या मानाचा प्रोसेसर होता, यात वाद नाही. पण इंटेलच्या या नावांत ‘आय’नंतरचा आकडा फक्त त्या पिढीतली इयत्ता सांगतो. पिढी कळते पुढच्या संख्येवरून. ४७७० म्हणजे चौथी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. २०२२ साली आलेला आय थ्री १२१००एफ चारच कोरचा आहे, पण चार कोरच्याच या जुन्या आय सेव्हनला तो सहज मागे टाकतो. नऊ वर्षांनी धाकटा असलेला चुलतभाऊ थोरल्याच्या पुढे पळावा, तसे.

आता सायबरपंक २०७७ ची किमान गरज बघा. २०२३ च्या मोठ्या बदलानंतर गेमच्या कंपनीने जे कोष्टक दिले, त्यात प्रोसेसर आय सेव्हन ६७००, कार्ड ६ जीबीचे जीटीएक्स १०६० आणि साठवणीला एसएसडी, असे आहे. हे किमान. चिठ्ठीतला आय सेव्हन आय सेव्हनच्याच रकान्यात नापास झाला. आणि जीटी ७३०? ते २०१४ सालचे कार्ड पडद्यावर चित्र उमटावे एवढ्याच कामाचे. त्यावरची ४ जीबी मेमरी म्हणजे लंगड्या कारागिराला दिलेले मोठे कपाट. कपाट मोठे झाले म्हणून हात भरभर चालत नाहीत.

तेव्हा पहिली सवय ही लावून घ्यायची की चिठ्ठीत ‘४ जीबी कार्ड’, ‘१६ जीबी रॅम’, ‘४५० वॅट’ असे मोघम काही चालवून घ्यायचे नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण नाव मागायचे. शेवटचे अक्षर किती महागात पडते, ते पुढे येईलच.

२. पडद्यापासून मागे चालत या

बहुतेक लोक खरेदीला प्रोसेसरपासून सुरुवात करतात. ती उलटी करावी. आधी मॉनिटर ठरवा, कारण कॉम्प्युटरला किती राबावे लागणार हे तोच ठरवतो.

पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे २०.७ लाख. त्याच्या वरच्या १४४०पी पडद्यावर ३६.९ लाख. फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. ही सगळी रांगोळी सेकंदाला एकदाच काढायची नसते. ती साठ-सत्तर वेळा पुसून नव्याने काढावी लागते. एका सेकंदात किती रांगोळ्या काढून झाल्या, त्या संख्येला एफपीएस म्हणतात.

मॉनिटरवर लिहिलेले ‘६० हर्ट्झ’ म्हणजे तो पडदा सेकंदाला ६० वेळाच नवे चित्र दाखवू शकतो. एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर हाच वेळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये हा फरक हाताला जाणवतो. गोष्ट सांगणारा, संथ गेम खेळणाऱ्याला ६० पुरतात.

माझे मत स्पष्ट आहे. साठ-पासष्ट हजारांच्या कॉम्प्युटरला फुल एचडीच मॉनिटर घ्यावा आणि त्याचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. या बजेटात फोर-केचे नाव काढणे म्हणजे एका माणसाला चार अंगणे सारवायला लावणे.

३. पेणचा कारखाना

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात काम कसे वाटले जाते, हे कळले की निम्मी खरेदी झाली म्हणून समजा.

पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना पाहिला असेल तर उत्तम. एकीकडे साच्यातून मूर्ती निघतात, दुसरीकडे ओळीने बसलेले रंगारी त्या रंगवतात. साच्यावरचा कारागीर मोजकाच, पण जाणता. मूर्ती कशी बसवायची, हात कुठे जोडायचा, हे त्याला कळते. रंगारी पुष्कळ. एक जण पितांबर, एक जण उंदीर, एक जण मुकुट, असे एकाच वेळी ब्रश चालवणारे.

प्रोसेसर म्हणजे साच्यावरचा माणूस. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, दार उघडले की नाही, हा सगळा हिशेब तो करतो आणि चित्राचा सांगाडा पुढे सरकवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे रंगाऱ्यांची ओळ. आकडेच बघा. एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरात ६ कोर आहेत, तर त्याच कंपनीच्या आरएक्स ६६०० कार्डात बारीकसारीक काम करणारे १,७९२ गणक. सहा जाणते आणि पावणेदोन हजार रंगारी.

समजा प्रोसेसर सेकंदाला १२० सांगाडे तयार करतो आणि कार्ड ७० रंगवते. तुम्हाला ७० चित्रे मिळतील. उरलेल्या कुवतीसाठी मोजलेले पैसे पाण्यात. आता गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या, धुके, पाण्यातली प्रतिबिंबे कमी केली, तर रंगाऱ्यांचे काम हलके होते आणि कार्ड १५० पर्यंत जाते. पण साचेवाला १२० वरच आहे, त्यामुळे तुम्हाला १२० मिळतील. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर एवढी सगळी मेहनत होऊन दिसणार ६०च.

हाच खेळ घरी उलटा करून बघता येतो. सध्याच्या कॉम्प्युटरवर गेम रखडतो आहे? सेटिंगमध्ये रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. एफपीएस झटकन वाढले तर कार्ड कमी पडत होते. हलले नाहीत तर बहुधा प्रोसेसर. काही विकत घेण्यापूर्वीची ही फुकटची तपासणी फार थोडे लोक करतात.

४. सोळा आण्यांचा हिशेब

भाव दर महिन्याला हलतात, म्हणून किमती पाठ करण्यात अर्थ नाही. वाटणी मात्र बरीचशी टिकते. मी ती आण्यांत करतो. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस सोडून जे बजेट उरेल, त्याचा एक रुपया धरायचा.

त्यातले सहा आणे ग्राफिक्स कार्डाला. अडीच आणे प्रोसेसरला. दोन मदरबोर्डाला, दोन रॅमला. एसएसडीला सव्वा, वीज वाटणाऱ्या एसएमपीएसला सव्वा, आणि कॅबिनेटला उरलेला एक.

भाच्याकडे ६४,००० होते, म्हणजे एक आणा चार हजारांचा. कार्ड २४,०००, प्रोसेसर १०,०००, बोर्ड ८,०००, रॅम ८,०००, एसएसडी ५,०००, एसएमपीएस ५,०००, कॅबिनेट ४,०००. बेरीज करून पाहा, जमते. या चौकटीत आम्ही आरएक्स ६६०० आणि रायझन ५ ५६०० ही जोडी धरली. २०२१ आणि २०२२ सालची, म्हणजे ताजी नव्हे. पण फुल एचडीवर ती अजून इमानाने काम करते.

रॅमला दोन आणे वाचून जुने लोक भुवया उंचावतील. बरोबर आहे, पूर्वी ती एका आण्यात बसायची. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. खेळणाऱ्या पोराच्या खिशाला कात्री लागली ती अशी दुरून.

प्रोसेसरवर जास्त खर्च कधी करावा? तुम्ही मुख्यतः व्हॅलोरंटसारखे हलके, वेगवान गेम खेळत असाल तर. तिथे रंगकाम थोडे आणि साच्यावरची घाई जास्त असते. मग कार्डातला एक आणा प्रोसेसरकडे सरकवा.

आता ते शेवटचे अक्षर. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५५००, नावात शंभराचा फरक आणि कोर दोघांत सहाच. पण प्रोसेसरच्या पोटात कॅश नावाची छोटी, अतिशय चपळ मेमरी असते. ती ५६०० मध्ये ३२ एमबी आहे आणि ५५०० मध्ये १६. गेमला ही मेमरी फार आवडते. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल, तर त्या प्रोसेसरात चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते, वेगळे कार्ड लागतेच. रायझनच्या मागे ‘जी’ असेल, तर उलट, आत छोटेसे ग्राफिक्स असते. ज्यांचे बजेट तीस-पस्तीस हजारांवरच अडले आहे, त्यांनी ‘जी’वाला प्रोसेसर घेऊन हलके गेम खेळावेत आणि कार्डाची जागा रिकामी ठेवावी. जीटी ७३० घेण्यापेक्षा हे शंभर पटीने शहाणपणाचे.

कार्डातही असाच एक सापळा आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे नाव ६६०० च्या अगदी शेजारचे वाटते. पण त्यात मेमरी ४ जीबी, आणि बोर्डाशी बोलण्याच्या वाटा फक्त चार. ६६०० ला आठ आहेत. जुन्या बोर्डावर, जिथे प्रत्येक वाटच अरुंद असते, तिथे हे कार्ड चांगलेच गुदमरते.

बोर्डाबद्दल थोडक्यात. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसण्याची खाच. ती जुळली पाहिजे. एएमडीची एएम४ खाच इतकी वर्षे टिकली की २०१७ साली बोर्ड घेतलेल्यांना बायॉस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करून त्यावर २०२२ सालचा प्रोसेसर बसवता आला. आता मात्र तिचा रस्ता संपत आला आहे. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल आणि आठ-दहा हजार वाढवता येत असतील, तर तिच्या पुढची एएम५ खाच घ्या. तिथे डीडीआर५ रॅमच लागते, जुनी चालत नाही.

५. मिसळणाचा डबा आणि फडताळ

प्रोसेसरच्या पोटातली कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. मोहरी, हळद, हिंग हाताशी. रॅम म्हणजे मागचे फडताळ, दोन पावलांवर. एसएसडी म्हणजे कोठीची खोली, जिथून महिन्याचा किराणा आणायचा. जुनी फिरती हार्ड डिस्क म्हणजे पार नाक्यावरचे दुकान. फोडणी तडतडत असताना दुकानात जावे लागले तर काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे. गेम मध्येच अडखळतो, तो असा.

१६ जीबी रॅम आज पुरते. पण ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्या. एका पट्टीत १६ म्हणजे फडताळाला एकच दार. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन दारे उघडतात आणि तेवढ्याच पैशांत सामान दुप्पट वेगाने बाहेर येते.

आणखी एक गंमत. ३२०० वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम पहिल्यांदा चालू केल्यावर बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वरच धावते. बायॉसमध्ये एक्सएमपी नावाची नोंद चालू करावी लागते. जुळवून देणारा दुकानदार ते करीलच असे नाही. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. करा.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची घ्या. ५१२ जीबी घेऊन मग पस्तावणारे मी पुष्कळ पाहिले, कारण आजचा एकेक मोठा गेम शंभर जीबी सहज गिळतो.

६. ज्याची कुणी बढाई मारत नाही तो डबा

आता एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट वाटणारा हा डबा. काचेच्या कॅबिनेटात तो तळाशी झाकलेला असतो, मित्रांना दाखवायचा नसतो, त्याने एक एफपीएसही वाढत नाही. म्हणून पहिली काटकसर त्याच्यावर होते.

मीही केली होती. पहिला कॉम्प्युटर जुळवताना कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस ठेवला. स्टिकरवर ठसठशीत ४५० वॅट. सव्वा वर्ष चालला. मग एका संध्याकाळी लोडशेडिंगनंतर वीज आली, फट् असा बारीक आवाज झाला आणि खोलीत जळक्या माशासारखा वास पसरला. डबा गेलाच. जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. दुकानदाराने तो डबा हातात घेऊन नुसता वर-खाली केला आणि म्हणाला, “वजन बघा ना साहेब, रिकामा आहे.” तोच मला तो देताना हे बोलला नव्हता.

हिशेब असा करतात. आरएक्स ६६०० जास्तीत जास्त १३२ वॅट घेते. रायझन ५ ५६०० च्या खोक्यावर ६५ लिहिलेले असते, पण जोरात चालताना तो ७६ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून पन्नास धरा. झाले २५८. मग मी ५५० वॅटचा डबा घ्या असे का म्हणतो? एक तर कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते. दुसरे, पुढे मोठे कार्ड घेतले तर डबा बदलावा लागत नाही. आणि तिसरे, निम्म्या भारावर हा डबा सगळ्यात कमी वीज वाया घालवतो. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का निम्म्या भाराला सुमारे ८५ टक्के वीज कामी आणण्याचा. म्हणजे २५८ वॅटसाठी भिंतीतून ३०४ ओढले जातात. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला साधारण २७ युनिट. आईला हा आकडा आधीच सांगून ठेवलेला बरा.

यूपीएसचेही याच हिशेबात उरका. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. ३०४ मध्ये मॉनिटरचे पंचवीस-तीस मिळवले की तुम्ही काठावर येता. १,००० व्हीएच्या आसपासचा घ्या. आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते नाही.

७. सेकंडहँड घ्यावे का?

कार्ड घ्यावे, जपून. प्रोसेसर बिनधास्त, तो सहसा बिघडत नाही. पिना वाकलेल्या नाहीत एवढे बघा. एसएमपीएस कधीही नाही.

२०२१ च्या सुमारास क्रिप्टोचे चलन ‘खणण्या’साठी लोकांनी कार्डे रात्रंदिवस जुंपली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बदलली आणि असली हजारो कार्डे बाजारात आली. खणलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पंखे मात्र झिजलेले असू शकतात. विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच कॉम्प्युटरवर वीस मिनिटे जड गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे उमटले, किंवा पंखा घरघरला, तर चहा पिऊन परत या.

फार जुन्यात मात्र शिरू नका. जीटीएक्स १० मालिकेची कार्डे स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. पण २०२४ चा इंडियाना जोन्स किंवा २०२५ चा डूम असे गेम प्रकाशकिरणांचा हिशेब करणारी खास यंत्रणा कार्डात असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. ती त्या मालिकेत नाही.

८. बाजारात

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड सांगायला नको. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडी मात्र १९०३ ते १९०७ दरम्यान मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्डचेच नाव. ग्रँट रोड स्टेशनवरून पायी जाता येते. जाण्याआधी ऑनलाइन भाव बघून कागदावर लिहून न्या. एकाच दुकानात सगळे घेतले तर थोडी घासाघीस चालते, आणि काही बिघडले तर ‘तो भाग आमचा नव्हे’ हे ऐकावे लागत नाही.

“बिल नको असेल तर कमी करतो,” असे कुणी म्हणाले तर हिशेब लक्षात ठेवा. २४,००० च्या कार्डात १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,६६१ रुपये आहेत. तेवढे वाचवून तुम्ही तीन वर्षांची वॉरंटी पणाला लावता. बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोकी माळ्यावर टाका.

भाच्याचा कॉम्प्युटर रविवारी दुपारी जुळला. बटण दाबले, पंखे फिरले, लाइट लागले आणि पडदा काळाच. पोराचा चेहरा उतरला. त्याने मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या खाचेत लावली होती. ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे तिथून चित्र यायचेच नाही. केबल खालच्या, कार्डाच्या खाचेत लावली आणि चित्र आले. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर ६० वरून १४४ वर नेला, कारण तो आपोआप तिथे जातोच असे नाही. तुमचाही पडदा पहिल्या दिवशी काळा दिसला, तर दुकानदाराला फोन लावण्याआधी मागे वाकून केबल कुठे लावली आहे ते बघा.